दाताच्या खुर्चीतली भीती आणि एक गोळी

बाळंतपण निभावलेली, अपेंडिक्सचं ऑपरेशन सोसलेली, रोज लोकलच्या गर्दीतून धीटपणे वाट काढणारी बाई दाताच्या दवाखान्याच्या पायरीवर अडते. पहाटे तीनला दाढ ठणकते तेव्हा ती लवंग दाताखाली धरते, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करते, वेदनाशामक गोळी घेते आणि सकाळी ठणका उतरला की डॉक्टरांची वेळ पुढे ढकलते. घरचे म्हणतात, "एवढ्याशा दाढेला काय घाबरायचं?" या वाक्याने कुणाची भीती कमी झाल्याचं ऐकिवात नाही. भीतीत लाजेची भर मात्र पडते, आणि लाजलेला माणूस दवाखाना आणखी टाळतो. वरची दाढ काढली की डोळे जातात, ही आपल्याकडची जुनी समजूत या टाळाटाळीला हातभार लावते. दृष्टीच्या नसा आणि दाढेच्या नसा वेगवेगळ्या आहेत आणि दाढ काढल्याने नजर जात नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी घाबरलेल्या मनाला निमित्त पुरतं.

अशा माणसांसाठी वैद्यकशास्त्राकडे जे उपाय आहेत, त्यातला एक म्हणजे उपचाराआधी तोंडावाटे घ्यायची गुंगीची गोळी. तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, आणि जे बोललं जातं ते बहुधा चुकीचं असतं. कुणाला वाटतं ती भुलीची गोळी आहे, कुणाला वाटतं झोपेची, कुणाला वाटतं व्यसनाची. म्हणून जरा तपशिलात जाऊ.

भीती मोजण्यापासून सुरुवात करायला हवी, कारण जे मोजता येतं त्याकडे डॉक्टर गांभीर्याने पाहतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कोराह यांनी १९६९ मध्ये चार प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली तयार केली. ब्रिटनमध्ये जेरी हम्फ्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ती सुधारली आणि हिरडीतल्या इंजेक्शनचा पाचवा प्रश्न घातला. उद्या उपचाराला जायचं आहे, तर आज कसं वाटेल? बाहेर बाकावर नंबराची वाट पाहताना? दात कोरायचं यंत्र आता सुरू होणार, तेव्हा? दात साफ करून घेताना? आणि वरच्या मागच्या दाढेजवळ इंजेक्शन घेताना? प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण. बेरीज १९ किंवा त्याहून जास्त आली, तर भीती तीव्र समजतात. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये प्रौढांच्या दंतआरोग्याची मोठी पाहणी झाली, तिच्यात या मोजमापाने सुमारे १२ टक्के लोक तीव्र भीतीच्या गटात निघाले. म्हणजे आठ माणसांमागे एक. ज्या देशात सरकारी दंतसेवा अनेक दशकं चालू आहे, तिथली ही अवस्था.

या भीतीचं मूळ पुष्कळदा बालपणात असतं: नीट भूल न देता काढलेला एखादा दात, हात धरून ठेवणारी मोठी माणसं, "रडलास तर अजून एक सुई" अशी धमकी. पुढे मेंदू त्या अनुभवाभोवतीच्या सगळ्या खुणा जपून ठेवतो. यंत्राचा उंच किरकिरता आवाज, डोळ्यांवर येणारा दिवा, आणि वास. दाताच्या दवाखान्याचा जो ठरावीक वास असतो, त्यात युजेनॉलचा मोठा वाटा आहे. तात्पुरतं सिमेंट भरताना ते वापरतात, आणि लवंगेच्या तेलातला मुख्य घटकही तोच. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की दंतोपचारांना घाबरणाऱ्या माणसांना नुसता युजेनॉलचा वास दिला तरी त्यांच्या शरीरात भीतीच्या प्रतिक्रिया उमटतात. न घाबरणाऱ्यांना तोच वास सुखद वाटतो. जी लवंग आजी दाढेखाली धरायला सांगते, तिचाच वास खुर्चीत बसलेल्या माणसाच्या छातीची धडधड वाढवतो.

आता भीतीमुळे दाताचं काय होतं ते पाहू. टाळलेली लहानशी कीड आत सरकते आणि दाताच्या गाभ्यातल्या मगजापर्यंत, म्हणजे जिथे नस आणि रक्तवाहिन्या असतात तिथपर्यंत पोचते. मग सूज, ठणका, गालावर फुगवटा. शेवटी माणूस नाइलाजाने दवाखान्यात येतो तेव्हा काम मोठं झालेलं असतं, आणि नेमकी त्याच वेळी भूल नीट चढत नाही. याला रसायनशास्त्रातलं एक कारण आहे. लिग्नोकेनसारखं भुलीचं औषध नसेच्या आत शिरायचं तर त्याचे रेणू विद्युतभाररहित असावे लागतात. निरोगी ऊतीत असे रेणू साधारण पाव हिश्शाइतके असतात. सुजलेली ऊती आम्लधर्मी होते आणि तिथे हा हिस्सा फार घटतो. शिवाय सुजलेल्या भागातल्या नसाही अधिक हळव्या झालेल्या असतात, त्यामुळे खालच्या दाढेची नस दूरवर बधिर केली तरी मगजाला सूज असलेली दाढ पुष्कळदा पुरती बधिर होत नाही. आणि घाबरलेल्या माणसाला वेदना मुळातच जास्त जाणवते. म्हणजे ज्याला वेदनेची सगळ्यात जास्त धास्ती होती, त्याच्याच वाट्याला ती सगळ्यात जास्त येते, आणि पुढची पाच वर्षं तो पुन्हा त्या रस्त्याला जात नाही. स्वीडनमधले उल्फ बेरग्रेन यांनी १९८४ मध्ये या दुष्टचक्राची मांडणी केली. भीती, टाळाटाळ, बिघडलेले दात, लाज, आणि त्यातून पुन्हा भीती. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. गोळी ते एका जागी तोडू शकते. सगळीकडे नाही, हे पुढे येईलच.

दंतवैद्यांना या प्रश्नाची जाण फार आधीपासून आहे. वेदनारहित शस्त्रक्रियेच्या इतिहासात दंतवैद्य पुढे होते. अमेरिकेतल्या हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली, आणि बोस्टनच्या विल्यम मॉर्टन या दंतवैद्यांनीच १८४६ मध्ये ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक यशस्वी केलं. पण पूर्ण बेशुद्धी हा दातासाठी मोठा घाट आहे. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात दवाखान्यातल्या खुर्चीतच पूर्ण भूल देऊन दात काढण्याची पद्धत सर्रास होती. त्यात मृत्यू होत राहिले, आणि २००१ च्या अखेरीस ती पद्धत बंद झाली; तेव्हापासून तिथे दातासाठी पूर्ण भूल फक्त इस्पितळात देता येते. घाबरलेल्या रुग्णाचं मग काय करायचं, या प्रश्नाला उरलेलं उत्तर होतं जाणीव शाबूत ठेवून दिलेली गुंगी: नाकावाटे वायू, शिरेतून औषध, किंवा गोळी.

गोळीचा शोध थोडा योगायोगाने लागला. लिओ स्टर्नबाख हे १९०८ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेले ज्यू रसायनशास्त्रज्ञ. पोलंडमधल्या क्राकोव्हमध्ये त्यांनी रंगद्रव्यांच्या रसायनावर काम केलं होतं. हिटलरच्या छायेतून निघून ते १९४१ मध्ये हॉफमन-ला रोश या कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत आले. पन्नाशीच्या दशकात कंपनीला मन शांत करणारं औषध हवं होतं, तेव्हा स्टर्नबाख यांनी आपली जुनी संयुगं पुन्हा हाती घेतली. बरीचशी निकामी ठरली. काम थांबलं, एक संयुग न तपासताच फळीवर राहून गेलं. १९५७ मध्ये प्रयोगशाळा आवरताना एका सहकाऱ्याचं त्याकडे लक्ष गेलं आणि ते चाचणीला पाठवलं. प्राणी शांत झाले, पण सुस्त पडले नाहीत. १९६० मध्ये ते लिब्रियम या नावाने बाजारात आलं, आणि १९६३ मध्ये त्याच कुळातलं डायझेपाम, म्हणजे व्हॅलियम. आपल्याकडे रॅनबॅक्सीने साठच्या दशकाच्या अखेरीस हेच डायझेपाम काम्पोज या नावाने आणलं, आणि पुढच्या दोन पिढ्यांत 'काम्पोज घे नि झोप' हे घरोघरचं वाक्य झालं. या कुळाला बेंझोडायझेपिन म्हणतात. दाताच्या दवाखान्यात वापरली जाणारी मिडाझोलाम, ट्रायझोलाम, लोराझेपाम, आणि आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर दिसणारी अल्प्राझोलाम, ही सगळी याच कुळातली.

ती काम कशी करतात? मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे. चेतापेशींची धावपळ आवरणं हे त्याचं काम. गाबा पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक जागी येऊन बसलं, की क्लोराइडचे कण आत जायची वाट उघडते, आणि ती पेशी सहजासहजी पेटून उठत नाही. बेंझोडायझेपिन त्याच जागेला बाजूने चिकटतं आणि गाबाचा परिणाम वाढवतं: वाट वारंवार उघडते. शेतात दारं धरणाऱ्या माणसाचे हात चपळ व्हावेत तसं हे आहे. त्याचे हात कितीही चपळ झाले तरी माणूसच बांधावर नसेल तर पाणी वळत नाही. याआधीची बार्बिच्युरेट जातीची औषधं मात्र मात्रा वाढली की माणसाची वाट न बघता बांधच फोडायची. म्हणून ती थोडी जास्त झाली तरी श्वास थांबायचा. बेंझोडायझेपिनची तुलनेने असलेली सुरक्षितता इथून येते. तुलनेने हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. दारू किंवा अफूच्या वर्गातली वेदनाशामकं सोबत असतील तर हेच औषध श्वास मंद करून जीव घेऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये या जोडीबद्दल सगळ्यात कडक दर्जाचा इशारा छापायला लावला. आपल्याकडे ट्रामाडॉल हे याच वर्गातलं वेदनाशामक दातदुखीसाठीही लिहिलं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

गोळी मेंदूच्या भीतीशी निगडित भागांना शांत करते, स्नायू सैल करते, आणि आणखी एक गोष्ट करते: त्या वेळात नव्या आठवणी धरू देत नाही. आधीचं सगळं आठवत असतं, पण गोळी चढल्यापासून उतरेपर्यंतचा काळ पुसट होतो. दीड तासाचं काम पंधरा मिनिटांत आटोपलं असं रुग्णाला वाटतं, कधी कधी तर आपण इंजेक्शन घेतलं हेच आठवत नाही. मात्र गोळी वेदना मारत नाही. डायझेपाम घेतलेल्या माणसाची दाढ भूल न देता उपटली, तर त्याला ती कळ लागेलच. म्हणून गोळीनंतरही हिरडीत भुलीचं इंजेक्शन द्यावंच लागतं. फरक इतकाच की ते इंजेक्शन आता घेववतं. घशाशी काही लागलं की उमासे येणाऱ्यांचा हा त्रासही गुंगीत पुष्कळ कमी होतो, आणि मागच्या दाढांचं काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी तो मोठाच दिलासा असतो.

कुणाला कोणती गोळी, हे बरंचसं घड्याळावर ठरतं. मिडाझोलाम लवकर चढतं आणि लवकर उतरतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. ट्रायझोलामही अल्पजीवी आहे. अमेरिकेत दंतवैद्यांमध्ये ते फार लोकप्रिय झालं, तर ब्रिटनने मनावर होणाऱ्या दुष्परिणामांच्या तक्रारींमुळे १९९१ मध्येच ते बाजारातून काढलं. लोराझेपामचा मुक्काम जास्त, बारा तासांच्या आसपास. डायझेपाम तर रेंगाळणारं औषध आहे. ते निम्म्यावर यायला २० ते ५० तास लागतात, आणि यकृत त्याचं जे रूपांतर करतं तेही गुंगी आणणारं असतं, आणखी जास्त टिकणारं. वय वाढेल तसा हा काळ लांबत जातो. डायझेपाम निम्म्यावर यायला माणसाच्या वयाइतके तास लागतात, असा एक ढोबळ आडाखा आहे. म्हणजे सत्तरीच्या आजोबांना दिलेली गोळी जवळजवळ तीन दिवसांनीही अर्धी अंगात असते. अशा वयात अंधारात न्हाणीघराकडे जाताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडणं ही खरी भीती असते, म्हणून ज्येष्ठांना डॉक्टर मात्रा बरीच कमी देतात किंवा गोळीच टाळतात. भीती फार असेल, तर डायझेपामची एक गोळी आदल्या रात्रीही देतात, कारण रात्रभर तळमळून आलेला रुग्ण खुर्चीत बसायच्या आधीच थकलेला असतो.

मात्रा किती, हे इथे देत नाही, आणि त्याचं कारण या लेखाच्या विषयाचाच भाग आहे. गिळलेली गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तिचा बराच हिस्सा तिथेच खर्ची पडतो. मिडाझोलामचा तर निम्म्याहून अधिक. उरलेला मेंदूपर्यंत पोचतो. हा खर्च प्रत्येकाचा वेगळा. पोट भरलेलं असेल तर गोळी उशिरा चढते. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकं, बुरशीवरची काही औषधं, ग्रेपफ्रूटचा रस, हे सगळं यकृतात हा खर्च करणारं विकर अडवतं, आणि मग तीच मात्रा दुपटीने लागू झाल्यासारखी होते. दाताच्या सुजेसाठी आधी दिलेलं प्रतिजैविक नेमकं यातलं असू शकतं. शिरेतून औषध देताना डॉक्टर थेंब थेंब देऊन, रुग्णाकडे बघत, हवं तिथे थांबू शकतात. गोळीत ती सोय नाही. एकदा गिळली की गेली. पंधरा मिनिटांत काहीच वाटत नाही म्हणून दुसरी घ्यायची, मग अर्ध्या तासाने दोन्ही एकदम चढायच्या, हा या पद्धतीतला सगळ्यात साधा आणि सगळ्यात धोक्याचा अपघात. म्हणून शेजाऱ्याच्या डब्यातली, भावाला मागच्या वर्षी दिलेली, नेटवर वाचून अंदाजाने घेतलेली गोळी नको. भारतात १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, मिडाझोलाम ही औषधं एच-वन अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत, आणि औषध दुकानदाराला डॉक्टरांचं व रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. ओळखीच्या दुकानात चिठ्ठीविना गोळी मिळाली, तर ती मेहेरबानी समजू नये.

नीट पार पडलेला दिवस साधारण असा असतो. आधीच्या भेटीत डॉक्टर विचारपूस करतात: घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, दमा, काचबिंदू, यकृताचे आजार, गरोदरपण, रोजची औषधं, दारू. घोरण्याचा प्रश्न विचित्र वाटतो, पण झोपेत श्वास अडकणाऱ्याला गुंगीचा धोका जास्त असतो. उपचाराची संमती त्याच दिवशी लेखी घेतात, कारण गोळी घेतल्यावर केलेल्या सहीला अर्थ उरत नाही. सूचनाही लिहून सोबत्याच्या हातात देतात. रुग्णाला त्या आठवणारच नाहीत. ठरल्या दिवशी गोळी उपचाराआधी साधारण तासभर घेतात, शक्यतो दवाखान्यातच. उपाशीपोटी यायचं की हलकं खाऊन, हे डॉक्टर सांगतील ते ऐकावं, आपल्या अंदाजाने नाही. अर्ध्या-पाऊण तासाने पापण्या जड होतात, बोलणं सावकाश होतं. या अवस्थेत "तोंड जरा मोठं उघडा" म्हटलं की रुग्ण उघडतो, "दुखतंय का" विचारलं की उत्तर देतो. लक्ष्मणरेषा हीच. हाक मारल्यावर उत्तर येत नसेल, तर गुंगी ठरवल्यापेक्षा खोल गेली आहे आणि काम थांबवून श्वासाकडे बघायला हवं. म्हणून गुंगीतल्या रुग्णाशी सारखं बोलत राहणारे डॉक्टर गप्पिष्ट असतात असं नव्हे. ते तपासत असतात. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावलेला असतो. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेलं हेच छोटं यंत्र. प्राणवायूची सोय असते, आणि फ्लुमॅझेनिल हे उतारा देणारं औषधही. पण या उताऱ्याचा असर तासाभरातच ओसरतो आणि गोळी अजून अंगात असते, त्यामुळे तो दिलेल्या रुग्णाला लगेच घरी सोडत नाहीत.

घरी जातानाचा भाग आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित आहे. माणूस चालतो, बोलतो, "मी ठीक आहे" म्हणतो, आणि तरी तो ठीक नसतो. त्याची निर्णयशक्ती आणि तोल दोन्ही ढिले असतात. त्याला स्कूटरवर मागे बसवून नेणं धोक्याचं आहे, कारण तो वळणावर सैल होऊन पडू शकतो. बंद गाडी उत्तम. रिक्षा असेल तर सोबत्याने शेजारी बसून धरून न्यावं. निदान चोवीस तास गाडी चालवायची नाही, गॅसपाशी एकट्याने उभं राहायचं नाही, मोबाइलवरून पैसे पाठवायचे नाहीत, कुठल्याही कागदावर सही करायची नाही. तान्हं मूल सांभाळायची जबाबदारी त्या दिवशी दुसऱ्याने घ्यावी. सोबत आणायला माणूस नसेल तर गोळी नाही, या नियमावर अडून बसणारे डॉक्टर चांगले डॉक्टर असतात.

लहान मुलांचा प्रश्न वेगळा आणि नाजूक आहे. मिडाझोलाम कडू असतं, म्हणून मुलांना ते गोड सिरपात देतात. बहुतेक मुलं शांत होतात. थोडी मात्र उलटी वागतात: रडतात, हातपाय झाडतात, आवरत नाहीत. मोठा धोका श्वासाचा आहे, कारण मुलांचा श्वासमार्ग अरुंद असतो आणि इवलीशी चूकही महागात पडते. अमेरिकेत १९८० ते २०११ या काळातल्या बातम्या तपासून संशोधकांनी दंतोपचारातल्या गुंगी किंवा भुलीशी निगडित ४४ बालमृत्यू शोधून काढले. त्यातले सुमारे निम्मे दोन ते पाच वर्षांच्या मुलांचे होते. म्हणूनच तिथले बालरोगतज्ज्ञ आणि बालदंतवैद्य यांची संयुक्त सूचना आहे, की मुलांना गुंगीचं औषध घरून देऊन आणू नये. प्रशिक्षित माणसांच्या नजरेखाली, दवाखान्यातच द्यावं. मोटारीच्या मागच्या सीटवर मान खाली पडून झोपलेल्या मुलाचा श्वास कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडच्या आईवडिलांनी हा एक नियम तरी पक्का धरावा.

आता राहिलेला मुद्दा, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गोळीने उपचार पार पडतो. भीती जाते का? जर्मनीत थॉम, सार्टोरी आणि योहरेन यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दंतोपचारांची तीव्र भीती असलेल्या पन्नास रुग्णांची दातांची शस्त्रक्रिया व्हायची होती. एका गटाला आधी मानसोपचाराचं एकच सत्र दिलं: ताण सैल करायला शिकवणं, भीतीचे प्रसंग कल्पनेने पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणणं. दुसऱ्या गटाला मिडाझोलाम दिलं. तिसऱ्याला फक्त नेहमीची भूल. शस्त्रक्रियेच्या दिवशी मानसोपचार आणि मिडाझोलाम दोन्हींनी भीती कमी केली. पुढे मात्र मानसोपचाराच्या गटातले ७० टक्के रुग्ण दातांचे उरलेले उपचार करून घ्यायला परतले, तर मिडाझोलामच्या गटातले २० टक्केच.

याचं कारण गोळीच्या ज्या गुणाचं कौतुक वर केलं, त्यातच दडलेलं असावं. भीती ओसरते ती अनुभवातून: खुर्चीत बसलो, सुई टोचली, आणि काही भयंकर घडलं नाही, हे मेंदूला पुन्हा पुन्हा कळावं लागतं. गोळी तो अनुभवच नोंदू देत नाही. रुग्ण दाढ काढून घरी येतो आणि त्याच्या मेंदूच्या दृष्टीने तो खुर्चीत बसलेलाच नसतो. जुनी वाईट आठवण जिथल्या तिथे राहते, आणि तिच्या शेजारी ठेवायला नवी चांगली आठवण मिळत नाही.

म्हणून मला गोळीचा सर्वांत शहाणा उपयोग पहिल्या पावलासाठी दिसतो. सुजलेली, ठणकणारी दाढ गोळीच्या आधाराने काढून घ्यावी. वेदना असताना भीतीवर काम होत नाही. पुढच्या भेटीत गोळी नको, आणि मोठं कामही नको. फक्त आरशाने दात दाखवायचे, पाणी शिंपडणाऱ्या नळीची सवय करायची, फार तर एका बाजूचे दात साफ करून घ्यायचे. हात वर केला की डॉक्टर थांबतील, असा करार करायचा, आणि डॉक्टरांनी तो एकदाही मोडायचा नाही. यंत्र दाखवून, आवाज ऐकवून, मग तोंडात घालायचं, या क्रमाने बालदंतवैद्य मुलांना सरावतात; मोठ्यांनाही तोच क्रम लागू पडतो. नाकावाटे दिला जाणारा नायट्रस ऑक्साइड मधल्या पायरीला चांगला, कारण तो मिनिटांत चढतो, मिनिटांत उतरतो आणि आठवणी फारशा पुसत नाही. असं चढत गेलं, तर मोठ्या कामासाठी कधीमधी एखादी गोळी लागेल, एरवी नाही. आणि प्रत्येक वेळी लागतच असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांशी आणि गरज पडल्यास मानसतज्ज्ञांशी मोकळेपणी बोलावी, कारण या गोळ्यांची सवय लागते हे खरं आहे. ती लागते रोज, आठवडेच्या आठवडे घेतल्याने, वर्षातून दोनदा दाढेसाठी घेतल्याने नव्हे.

भीतीची गोष्ट दवाखान्याला सांगायची वेळ मात्र आधीची आहे. खुर्चीत टेकल्यावर, दिवा डोळ्यांवर आल्यावर सांगितलं, तर गोळीचा उपयोग त्या दिवसापुरता संपलेला असतो: तिला चढायला वेळ लागतो, संमती आधी लागते, रोजच्या औषधांची यादी आणि सोबतचा माणूस आधीच हवा असतो. वेळ ठरवताना फोनवरच म्हणावं, मला खूप भीती वाटते, मागे अमुक झालं होतं, गुंगीची सोय आहे का, तुमच्याकडे ऑक्सिमीटर आणि प्राणवायू आहे का, गुंगी देण्याचं शिक्षण कुणी घेतलं आहे. या प्रश्नांना शांतपणे उत्तरं देणारा दवाखाना निवडावा, आणि पहिली भेट नुसत्या बोलण्यासाठी मागून घ्यावी.